एटीव्ही चढावरून मागे का आली, आणि बागेत ती कशी वापरायची

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. राजापूर तालुक्यात डोंगरउतारावर तुमची आंबा-काजूची बाग आहे. खताची पोती, फवारणीचं पाणी आणि हंगामात आंब्याचे क्रेट वाहायला भावाने जुनी ४०० सीसीची एटीव्ही घेतली, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट असलेली, जाड टायरांची चार चाकांची गाडी. भाऊ चालवत होता, तुम्ही मागे बसला होता, मागच्या रॅकवर पाण्याचे दोन कॅन होते. अर्ध्या चढावर इंजिन दमून बंद पडलं, गाडी मागे येऊ लागली. भावाने पायाचा ब्रेक दाबला तर पुढची चाकंच हवेत उचलली गेली. तुम्ही दोघांनी उड्या मारल्या आणि गाडी आडवी होऊन गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, अडली. कुणाला लागलं नाही, पण वडील म्हणतात विकून टाका. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: असा चढ चढायचा कसा, पावसाळ्यात पऱ्या (ओढा) ओलांडता येईल का, आणि मागे १०० लिटरची टाकी कायमची बसवली तर चालेल का.

मी मावळात एका ऑफ-रोड ट्रॅकवर एटीव्ही चालवायला शिकवतो, आणि कोकणात बागेसाठी अशी गाडी घेतलेल्यांना वाटा आखून द्यायलाही जातो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण चढ चढण्याच्या कौशल्याची नाही. गाडी खालून निघाली तेव्हाच खेळ बिघडला होता, कारण तिचं सगळं वजन मागच्या चाकांवर आणि त्याच्याही मागे जाऊन बसलं होतं. भावाच्या जागी दुसरा कुणी कसलेला चालक असता तरी त्या भारानिशी त्याच्या हातात फारसं काही उरलं नसतं.

४०० सीसीची कामाची एटीव्ही साधारण अडीचशे ते तीनशे किलोची असते. चालक सत्तर किलोचा धरा. म्हणजे एकूण वजनाचा पाचवा हिस्सा हा सीटवर बसलेला माणूस असतो, आणि तोही सगळ्यात वरचा हिस्सा. चारचाकीत तुम्ही डावीकडे सरकलात काय नि उजवीकडे, गाडीला पत्ता लागत नाही. एटीव्हीत तुम्ही वीतभर पुढे सरकलात तरी पुढच्या चाकांची पकड बदलते. म्हणून तिचं सीट लांबलचक असतं. अनेकांना वाटतं की ते दोघांसाठी आहे. पण ते एका माणसाला पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकता यावं म्हणून लांब ठेवलेलं असतं. मागे दुसरा माणूस बसला की चालकाची ती सरकण्याची जागा संपते, आणि वर सत्तर किलो मागच्या आसाच्या (ॲक्सलच्या) डोक्यावर येऊन बसतात. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही वेगळ्या मिळतात, त्यांच्या दोन आसांमधलं अंतर जास्त असतं. तुमची तशी नसेल तर मागे माणूस बसवायचा नाही. शेताच्या फाटकापासून मांगरापर्यंत (बागेतल्या खोपटापर्यंत) सपाटीवरूनसुद्धा नाही, कारण एकदा ती सवय लागली की चढ आल्यावर कुणी उतरत नाही.

आता पुढची चाकं का उचलली ते पाहू. भावाने नेमकं काय करायला हवं होतं ते त्यातूनच कळेल. गाडी चढावर तोंड करून उभी आहे आणि मागे घसरते आहे. अशा वेळी मागचा ब्रेक लावला की खालच्या बाजूची दोन चाकं जागच्या जागी थांबतात, पण त्यांच्या वर असलेलं वजन अजून खाली यायला बघत असतं. त्याला जायला एकच वाट उरते: थांबलेल्या चाकांवरून उलटून मागे. पुढचा ब्रेक लावला तर थांबणारी चाकं वरच्या बाजूची असतात. ती गाडीला वरून धरून ठेवतात, फार तर घासत खाली येतात, पण गाडी उलटवत नाहीत. म्हणून मागे घसरताना क्रम असा: अंग पुढे, छाती जवळजवळ हँडलवर. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) अजिबात नाही, कारण झटक्यात ताकद दिली तरी पुढचं तोंड वरच जातं. मग पुढचा ब्रेक हळूहळू, दाबत दाबत. गाडी पूर्ण थांबली की मगच मागचा ब्रेक, आणि लगेच पार्किंग ब्रेक लॉक. उतरायचं ते चढाच्या बाजूने. गाडीचं तोंड सरळ वर असेल तर डावीकडून उतरा, म्हणजे पुढे ती वळवायला सोपं जातं.

इथे एक गोष्ट गाडीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हालाच तपासावी लागेल. बऱ्याच गाड्यांत उजव्या हाताची लिव्हर पुढच्या चाकांची आणि डाव्या हाताची लिव्हर किंवा उजव्या पायाचं पेडल मागच्या चाकांचं असतं. पण काही गाड्यांत एकाच लिव्हरने चारही चाकं धरतात आणि पायाचं पेडल फक्त जादाचं म्हणून असतं. तशी असेल तर वेगळा पुढचा ब्रेक मिळत नाही. मग ती एकच लिव्हर अगदी हळूहळू आवळायची आणि अंग पुढेच ठेवायचं. जुन्या गाडीत आणखी एक भानगड सापडते: आधीच्या मालकाने पुढचा ब्रेक निकामी झाल्यावर तसाच सोडून दिलेला असतो. सपाटीवर गाडी ढकलत नेऊन एकेक ब्रेक स्वतंत्र लावून बघा. पुढचा धरत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी चढावर न्यायची नाही.

अर्ध्या चढावर गाडी थांबवली, तुम्ही सुखरूप उतरलात, तरी तीनशे किलोचं धूड उतारावर उभंच असतं. तिथून तशीच मागे मागे आणायचा मोह होतो, तो टाळा. गाडी वळवायची पद्धत अशी आहे. इंजिन बंद, गिअर पुढचाच, पार्किंग ब्रेक लावलेला. तुम्ही डावीकडे आणि गाडीच्या वरच्या अंगाला उभे. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. हाताचा ब्रेक धरून ठेवून पार्किंग ब्रेक सोडा आणि हाताने थोडं थोडं सैल करत गाडीला मागे येऊ द्या. तिचा मागचा भाग डावीकडे आणि तोंड उजवीकडे फिरत जातं. तोंड उताराला आडवं किंवा किंचित खाली झालं की पुन्हा पार्किंग ब्रेक. वरच्या बाजूने चढून बसा, अंग वरच्याच बाजूला ठेवा आणि मग हळू खाली उतरा. हे पहिल्यांदा खऱ्या चढावर करू नका. घराजवळ लहानसा, मोकळा, मऊ मातीचा उतार शोधा आणि तिथे मुद्दाम गाडी थांबवून हे पुन्हा पुन्हा करा, हात आपोआप जातील इतकं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना चढ चढणं जमलेलं असतं; चढावर थांबणं कुणी शिकवलेलं नसतं. आणि वळवताना गाडी हातातून सुटायला लागली तर सोडून द्या. खांदा लावून ती अडत नाही. तुमचा गडगा पुन्हा रचता येतो.

मुळात चढायचं कसं, हे त्यामानाने सोपं आहे. आधी पायी चढून यायचं. हे मी अगदी शब्दशः सांगतोय: पहिल्यांदा जाणार असाल तेव्हा पायी, आणि पावसानंतर पहिल्यांदा जाणार असाल तेव्हा पुन्हा पायी. वर पोहोचल्यावर पलीकडे काय आहे, वळायला सपाट जागा आहे का, मधे सुटा दगड किंवा तोडलेल्या काजूचा खुंट आहे का, हे बघायचं. मग खालीच लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद देणारा गिअर) आणि फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद) लावून घ्यायचं, कारण मध्यावर गिअर बदलायला गेलात की वेग तुटतो आणि तिथेच गाडी अडते. फूटरेस्टवर पाय घट्ट, बूड सीटच्या पुढच्या भागात किंवा थोडं उचललेलं, अंग पुढे झुकलेलं. थ्रॉटल एकसारखा. अंगठ्याचा थ्रॉटल असल्यामुळे खडबडीत जागी हात हिसकला की तो नकळत जास्त दाबला जातो, म्हणून बाकीच्या बोटांनी मूठ घट्ट धरून अंगठा मोकळा ठेवायचा. जोर कमी पडतोय असं वाटलं तर पुढे काहीतरी होईल या आशेवर राहू नका. वेग थोडा शिल्लक असताना आणि गाडी आपल्या ताब्यात असतानाच थांबा, ब्रेक लावा, उतरा.

उतरताना सगळं उलट: बूड मागे, हात लांब, लो रेंज, सरळ रेषा. लो रेंज उतरायला सुरुवात करण्याआधी. बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनचे फेरे अगदी कमी झाले की काही मॉडेलांमध्ये बेल्टची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावू लागते. ते कळलं नाही तर माणूस घाबरून ब्रेक गच्च दाबतो. मागची चाकं अडकून गाडीचं बूड बाजूला फिरायला लागलं तर ब्रेक क्षणभर सोडा, हँडल सरळ करा, पुन्हा हलके लावा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरणारे लोक मी पाहिलेत. त्यांना काय सांगणार.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येतो, कारण तुम्ही ते विचारलेलंच नाही: उताराला आडवं जाणं. चढाची सगळ्यांना भीती वाटते म्हणून लोक सावध असतात. आडवं जाताना गाडी आरामात चालते, इंजिनला जोर पडत नाही, आणि त्यामुळे चालक निर्धास्त असतो. तुमच्यासारख्या बागेत झाडांच्या ओळी उताराला आडव्या असणार आणि काम करणारा गडी झाडाझाडाने आडवाच जाणार. आंब्याचं आळं उतारावर कसं असतं ते आठवा: वरच्या बाजूने खणलेलं, खालच्या बाजूला मातीचा किंवा दगडाचा बांध. खालचं चाक त्या खणलेल्या भागात उतरलं आणि त्याच वेळी वरचं चाक एखाद्या दगडावर चढलं, तर साधा वाटणारा उतार गाडीपुरता एकदम दुप्पट होतो. पावसाच्या उघडिपीत गवत इतकं वाढलेलं असतं की ना आळं दिसतं ना दगड.

आडवं जावंच लागलं तर अंग वरच्या बाजूला, इतकं की खालच्या बाजूचं बूड सीटवरून सुटलं पाहिजे. वेग अगदी कमी. जमीन निसरडी असेल तर हँडल किंचित चढाकडे ठेवायचं. वरची चाकं हलकी झाली असं वाटताक्षणी, खाली मोकळी जागा असेल तर तोंड उताराकडे वळवायचं. जागा नसेल तर वरच्या बाजूने उतरून जायचं, गाडी वाचवायची नाही. पण हे सगळं शेवटचे उपाय झाले. खरा उपाय म्हणजे वाट आखणं. अर्धा-एक दिवस जेसीबी लावून मुख्य चढाला सरळ वर जाणारी एक वाट आणि दोन-तीन पातळ्यांवर आडव्या वाटा कापून घ्या. आडवी वाट गाडीच्या रुंदीपेक्षा भरपूर मोठी, दोन मीटर तरी हवी आणि तिचा ढाळ डोंगराच्या बाजूला, आतल्या अंगाला हवा. बाहेरच्या बाजूला ढाळ ठेवला की पहिल्या पावसात कडा सुटते आणि गाडी त्या सुटलेल्या कडेवर चालते. प्रत्येक वाटेच्या टोकाला वळायला सपाट जागा. आणि मग घरात नियम करायचा, गाडी या वाटांच्या बाहेर जाणार नाही. झाडापर्यंतचं शेवटचं अंतर माणूस चालत जाईल. जेसीबीचे पैसे जातात खरे, पण चालकाच्या हुशारीवर विसंबण्यापेक्षा ते स्वस्त पडतात, विशेषतः चालक दर हंगामाला नवा असेल तर.

टाकीचा प्रश्न यातूनच सुटतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, टाकी वेगळी. या वर्गाच्या गाड्यांत मागच्या रॅकची मर्यादा बहुधा १०० किलोच्या आतच असते. नेमका आकडा रॅकवर किंवा मडगार्डवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, आणि जुन्या गाडीवरची पट्टी गेली असेल तर मॉडेलच्या पुस्तिकेत सापडेल. पण आकड्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे पाण्याचं हलणं. डोक्यावरचा अर्धा भरलेला हंडा भरलेल्या हंड्यापेक्षा जास्त त्रास देतो, तसंच इथे होतं. फवारणी जसजशी होत जाते तशी टाकी अर्धी होते, आणि चढावर तोंड वर झालं की सगळं पाणी मागच्या भिंतीला जाऊन आदळतं, नेमकं जेव्हा वजन पुढे हवं असतं तेव्हा.

माझं मत विचाराल तर पाणी गाडीवरून चढवूच नका. मोहोराच्या फवारणीला तुमच्याकडे एचटीपी पंप, म्हणजे लांब नळीने जोरात फवारणारा पंप, असेलच. टाकी आणि पंप वाटेवर, सपाट जागी ठेवा आणि नळी झाडापर्यंत ओढा, जसं गाडी यायच्या आधी करत होता. गाडीने फक्त पंप, पेट्रोल, औषध आणि नळीचं भेंडोळं वर न्यायचं. पाणी वर नेण्यासाठी डोंगरमाथ्यावर छोटी टाकी बांधून तिच्यात पाइपने चढवणं हा दुसरा मार्ग. खताच्या पोत्यांना आणि क्रेटना मात्र गाडी उत्तम आहे, फक्त एका वेळी कमी न्यायचं, पुढच्या आणि मागच्या रॅकवर पट्टीत दिलेल्या प्रमाणात वाटायचं आणि पट्ट्यांनी आवळून बांधायचं. वीस किलोचा क्रेट रॅकवर एकावर एक तीन थर रचला की बघायला छान दिसतो. ते बघायला मी थांबत नाही.

ओंडका किंवा फांद्या ओढायच्या असतील तर दोर फक्त खालच्या हुकाला बांधा. रॅकला बांधून ओढलं की ओढ मागच्या आसाच्या वरून लागते, आणि ओंडका कुठे अडकला तर गाडी जागच्या जागी मागे उलटते. ट्रॅक्टरवाल्यांना हे माहीत असतं. एटीव्ही लहान दिसते म्हणून तेच लोक विसरतात.

पऱ्याबद्दल. फूटरेस्टच्या वर पाणी असेल तर नाही, हे सर्वसाधारण सांगितलं जातं. वाहत्या पाण्यात मी त्याच्याही बराच खाली थांबतो, चाकाच्या मध्यापाशी. या गाड्यांचे टायर फुग्यासारखे असतात. चार टायरांतल्या हवेमुळे पाणी गाडीचं बरंचसं वजन उचलून धरतं, मग तळाशी पकड राहत नाही आणि वाहतं पाणी गाडीला सहज बाजूला सरकवतं. आधी काठी घेऊन पायी ओलांडा. तुम्हाला चालताना पाय रोवून उभं राहावं लागत असेल तर गाडी नेऊ नका. पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही, किंवा वरच्या डोंगरात पाऊस पडतोय, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी गाडी अलीकडेच. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या भागात हे जवळजवळ रोजचंच असणार, म्हणजे उत्तर बहुतेक ‘नाही’ असंच आहे. पाणी कमी असताना ओलांडलात तर पलीकडे गेल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवून घ्या. बेल्टच्या खोक्यात पाणी गेलं की बेल्ट घसरतो आणि इंजिन ओरडतं पण गाडी चालत नाही. अशा वेळी रेटू नका. एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टरला हातच लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

पावसाळ्यात त्याहून वाईट म्हणजे शेवाळलेला कातळ. रुंद टायरामुळे तिथे जास्त पकड मिळते हा गैरसमज आहे. ओल्या शेवाळावर वळायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, सरळ आणि हळू जायचं, आणि उतार असेल तर जायचंच नाही. मार्च-एप्रिलमध्ये याचीच दुसरी आवृत्ती असते ती पातेऱ्याची. आंबा-काजूच्या वाळक्या पानांचा थर उतारावर चाकाखाली सरकतो. वाटेवरचा पातेरा झाडून काढा. आणि हाच पातेरा सायलेन्सरभोवती, खालच्या पत्र्यावर साचून तापतो. वणव्याच्या दिवसांत गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका, आणि दिवसातून एक-दोनदा इंजिन बंद करून, थंड झाल्यावर खालून हात घालून पानं काढा.

मोटारसायकल चालवणाऱ्यांची एक सवय मोडावीच लागते: गाडी झुकली की पाय खाली टेकवणं. मोटारसायकलला त्याने आधार मिळतो. एटीव्हीत पाय खाली गेला की तो मागच्या चाकासमोर येतो आणि स्वतःचीच गाडी पायावरून जाते. पाय कायम फूटरेस्टवर. वळतानाही फरक आहे. बऱ्याच गाड्यांत मागची दोन चाकं एकाच घट्ट आसावर एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गाडीला सरळच जायचं असतं. अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवून वजन बाहेरच्या फूटरेस्टवर दाबलं की आतलं चाक हलकं होऊन थोडं घसरतं आणि गाडी वळते. डांबरावर ते घसरत नाही, म्हणून सडकेवर वेगात वळताना ही गाडी उलटायला बघते. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेणं कायद्यात बसत नाही हे खरंच, पण बाजारात दूध आणायला तिच्यावरून न जाण्याचं माझं कारण हे आहे.

टायरमधली हवाही आत्ताच तपासा. यांना साधारण ४ ते ७ पीएसआय इतकीच हवा लागते, नेमका आकडा पट्टीवर. टायर बसल्यासारखा दिसतो म्हणून पंक्चरवाला सवयीने २५ भरतो, आणि मग गाडी प्रत्येक दगडावर चेंडूसारखी उडते. पंपावरच्या मीटरला इतका कमी दाब नीट दाखवता येत नाही, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो, तो घेऊन ठेवा. डाव्या-उजव्या टायरमध्ये थोडा फरक असला तरी हँडल एका बाजूला ओढतं.

एक खर्च मात्र सुचवतो. एटीव्ही उलटून दगावणाऱ्यांमध्ये अनेकांचा जीव मोठ्या जखमेने जात नाही. गाडी छातीवर पडून राहते आणि श्वास घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात शेतांवर असे मृत्यू इतके झाले की ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या कामाच्या प्रत्येक नव्या एटीव्हीला मागच्या बाजूला संरक्षक कमान सक्तीची झाली. गाडी उलटली तरी ती कमान जमिनीवर टेकते आणि खाली माणसापुरती जागा राहते. तशी तयार कमान मागवता आली तर बसवा. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून चार खांबांचा पिंजरा मात्र करून घेऊ नका. पट्टा नसलेल्या सीटभोवती पिंजरा केला की माणूस अर्धवट बाहेर फेकला जातो आणि पिंजऱ्याचाच पाइप त्याच्यावर येतो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, घोट्यापर्यंतचे बूट, आणि फोन खिशात. रॅकवरच्या पिशवीतला फोन गाडीखाली अडकलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही. बागेत रेंज नसेल तर निघताना घरी सांगायचं, कुठल्या वाटेला चाललो आणि कधी परत येणार.

मे महिन्यात मुंबईहून भाचरं येतील आणि एक चक्कर मागतील. या आकाराची गाडी सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. लहान मुलाचं वजन सरकवून या गाडीला काही फरक पडत नाही, आणि म्हणूनच ती त्याच्या ताब्यात राहत नाही. किल्ली गाडीला लावून ठेवायची सवय असेल तर ती मे यायच्या आत मोडा.

वडिलांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बागेचा बहुतेक भाग इतका उभा असेल की आडव्या वाटा कापताच येणार नाहीत, किंवा गाडी रोज वेगवेगळ्या गड्यांच्या हातात जाणार असेल आणि त्यांना शिकवायला कुणाला वेळ नसेल, तर विका. वर पाइपने पाणी आणि खाली माणसांनी क्रेट, हेच बरं. वाटा कापता येत असतील, चालवणारे एक-दोघंच असतील आणि मागे कुणी बसणार नसेल, तर ठेवा. हे ठरवण्याआधी मला तीन गोष्टी कळवा: उजव्या हाताची लिव्हर दाबल्यावर कुठली चाकं धरतात, रॅकवरच्या पट्टीवर काय आकडे आहेत, आणि त्या चढाच्या माथ्यावर गाडी वळवण्याइतकी सपाट जागा आहे का. चढाचा फोटो काढाल तर खालून नको, बाजूने काढा; समोरून काढलेल्या फोटोत उतार कळत नाही.